मुलाखतीच्या दारात अडणारी इंग्रजी



जिल्ह्याच्या बैठकीत कापसाचा भाव, विजेचे बिल आणि बँकेची थकबाकी हे विषय ठरलेलेच असतात. या वेळी एक वेगळा विषय मांडायचा आहे. पोरगा बी.ए. झाला, कुणी आयटीआय केले, कुणी डिप्लोमा केला. वाळूज, शेंद्रा, चाकण, नाही तर जालन्याच्याच औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेला. काम त्याला येत होते. पण पहिला प्रश्न इंग्रजीत आला आणि तोंड मिटले. परत आला तो 'आपल्याला जमत नाही' असा शिक्का स्वतःच्याच कपाळावर मारून. मग घरात एकच मार्ग सुचतो. मोसंबीच्या बागेवर व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची आणि शहरातल्या 'फाडफाड इंग्रजी' क्लासची फी भरायची. म्हणजे इंग्रजी येत नाही याचाही भुर्दंड अखेर शेतीवरच बसतो.

मराठवाड्याला हे नवे नाही. निजामाच्या राज्यात आधी फारसी आणि मग उर्दू ही कचेरीची भाषा होती. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या पोराला सरकारी नोकरी हवी असेल तर आधी उर्दूचा उंबरा ओलांडावा लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य गेले आणि १९६४ च्या राजभाषा कायद्याने राज्याचा कारभार मराठीत आणला. पण जुन्या कागदांची भाषा बदलली नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले तेव्हा मराठवाड्यातली निजामकाळची दप्तरे उघडावी लागली. पणजोबाची नोंद ज्या कागदावर, तो कागद उर्दूत नाही तर मोडीत. आपल्याच घराण्याची ओळख वाचून घ्यायला जाणकार शोधावे लागले. ज्याची भाषा कागदावर, त्याचा हात वर, हे मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे.

आज तो कागद इंग्रजीत आहे. डिसेंबर १९९१ मध्ये आलेला डंकेल मसुदा इंग्रजीत होता. गावोगाव त्यावर भाषणे झाली, पण मूळ मसुदा हातात घेऊन वाचू शकणारा शेतकरी विरळाच. यंत्राचे माहितीपुस्तक आणि कंपनीचे नेमणूकपत्र हाती पडते तेही बहुधा इंग्रजीतच. 'इंग्रजी परकी भाषा, आपल्याला काय करायची' असे सांगणारे पुढारी व्यासपीठावर मराठीचे गोडवे गातात आणि नातवंडांना इंग्रजी शाळेत घालतात. त्यांच्या भाषणाला टाळ्या वाजवून आपल्या पोराचे भले होणार नाही.

सरकारने काय केले? २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. निर्णय चांगला होता. पण ज्या दोन शिक्षकांवर चार वर्गांचा भार, त्यांच्याच डोक्यावर हा विषय टाकला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? २०२२ च्या 'असर' पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी ४६.७ टक्के मुलेच साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकली. आठ वर्षे विषय शिकून निम्म्यांना वाक्य वाचता येत नसेल, तर दोष पोरांच्या डोक्याचा म्हणता येत नाही. आणि जी गोष्ट शाळेने फुकट शिकवायची, तीच पुढे क्लासवाल्याकडून रोखीने विकत घ्यावी लागते.

तेव्हा पहिली गोष्ट, खिशात हात घालण्याआधी चौकशी करा. कुठल्या नोकरीला किती इंग्रजी लागते? पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण इंग्रजीचे होते, म्हणजे पाव हिस्सा. साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. अशा चढाओढीत तो पाव हिस्सा सोडून चालत नाही, पण तिथे व्याकरण आणि शब्दसंग्रह लागतो, बोलणे लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. इंग्रजीचा एक पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो, त्याचे गुण क्रमवारीत धरत नाहीत. बोलण्याची इंग्रजी लागते ती मुख्यतः कंपन्यांत. आणि तीही सगळी भाषा लागत नाही, त्या कामापुरती लागते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्या पोरांना काही येत नाही हे खरे नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यांसाठी जालन्याचे नाव देशभर झाले. जाफराबाद-भोकरदनकडे गावोगाव बीजोत्पादनाचे प्लॉट आणि शेडनेट उभे आहेत. आपल्या मायबहिणी दुपारनंतर कपाशीच्या मादी फुलाचे पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग लावतात. याला कंपनीचा साहेब 'इमॅस्क्युलेशन' आणि 'पॉलिनेशन' म्हणतो. दोन प्लॉटमध्ये अंतर ठेवतो ते 'आयसोलेशन डिस्टन्स', उगवण पाहतो ती 'जर्मिनेशन टेस्ट'. ज्या पोरीने पाच हंगाम हे काम केले, ती बियाणे कंपनीच्या मुलाखतीत गप्प बसते. आणि ज्याने फूल हातात धरले नाही, तो हे चार शब्द बोलून नोकरी घेऊन जातो. काम तिच्या हातात आहे, चार शब्दांपायी ते दुसऱ्याच्या नावावर चढते. म्हणून क्लासला पाठवायचे तर पोराबरोबर पोरीलाही पाठवा.

मुलाखतीत विचारतात काय? आपल्याबद्दल सांगा, काय काम केले आहे, ही नोकरी का हवी. एवढ्यावर निम्मी मुलाखत होते. पोरे पुस्तकातला उतारा पाठ करून जातात, 'मायसेल्फ' म्हणून सुरुवात करतात आणि मधेच एक शब्द विसरला की सगळे औत थांबते. त्यापेक्षा 'माय नेम इज' म्हणून साधी, आखूड, खरी वाक्ये बोलावीत. बाप काय करतो असे विचारल्यावर मान खाली घालू नये. 'माय फादर इज अ फार्मर. वी ग्रो कॉटन अँड स्वीट लाइम. आय कीप द अकाउंट्स अँड रन द ड्रिप सिस्टीम.' या तीन वाक्यांत हिशेब आला, यंत्र आले, जबाबदारी आली. प्रश्न कळला नाही तर 'सर, प्लीज रिपीट द क्वेश्चन' म्हणण्यात कमीपणा नाही. न कळता 'येस सर' म्हणणे मात्र महागात पडते. हे मुलाखतीला लागू आहे तसेच नेमणुकीच्या कागदावर सही करतानाही लागू आहे. पगार हातात किती, कपात किती, कंत्राटदाराचा माणूस की कंपनीचा, हे त्याच कागदावर इंग्रजीत लिहिलेले असते.

बैठकीपुढे आमच्या सूचना अशा:

१. जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासवर्ग चालवावा. जागा शाळेची नाही तर समाजमंदिराची. शिकवायला गावचे निवृत्त शिक्षक आणि नोकरीला लागलेली पोरे.

२. धडे घरातल्याच वस्तूंचे घ्यावेत. बियाण्याची पिशवी, पंपाचे माहितीपत्रक, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. इथली इंग्रजी पोराला नोकरी देईल आणि बापाचा फवारणीत जीवही वाचवील.

३. दर महिन्याला खोटी मुलाखत घ्यावी. टेबलामागे अनोळखी माणूस बसवावा. चुकले तर हसणाऱ्याला बाहेर काढावे.

४. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजीचा तास होतो की नाही, हे शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांनी विचारावे. तो तास आपल्याच कराच्या पैशाचा आहे.

सगळ्यांना नोकऱ्या मिळणार नाहीत, हे आम्हालाही कळते. शेतीला रास्त भाव मिळाला तर निम्मी पोरे मुलाखतीच्या रांगेत उभीच राहणार नाहीत. ते भांडण चालूच आहे. पण तोवर रांगेत उभा आहे तो पोरगा आपला आहे, आणि त्याचे वय थांबणार नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने वर्गाची जागा, शिकवणाऱ्याचे नाव आणि पहिल्या वीस मुलामुलींची यादी घेऊन यावे.