थ्री-नॉट-थ्रीची भीती नक्की कुणाला?

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२०च्या संचलनात थ्री-नॉट-थ्री रायफलला जाहीर निरोप दिला. इतर राज्यांतही ती हळूहळू बाजूला पडते आहे. निरोपाच्या अशा बातम्यांत 'ऐतिहासिक' हा शब्द हमखास असतो. त्या ऐतिहासिक वस्तूचं पुढे काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. कायद्यानं ती सामान्य नागरिकाला विकता येत नाही. मग उरतात तीन वाटा: गोदाम, कवायत किंवा भट्टी. नशीब जोरावर असेल तर एखादी काचेच्या कपाटात जाते.

माझं म्हणणं असं की चौथी वाट उघडायला हवी. ज्या नागरिकाची पोलिसांनी नीट चौकशी केली आहे, जो मान्यताप्राप्त रायफल क्लबाचा सभासद आहे, त्याला ही रायफल विकत घेता आली पाहिजे आणि रेंजवर चालवता आली पाहिजे. स्वसंरक्षणासाठी नाही, लग्नाच्या वरातीत मिरवायलाही नाही. एक जुनी वस्तू चालती ठेवण्यासाठी.

आज हे का होत नाही? शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात ३०३ आणि ७.६२ मिमी बोअरच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली, आणि ज्यांत ही लष्करी काडतुसं बसू शकतात अशा सगळ्या रायफली, निषिद्ध वर्गात टाकल्या आहेत. विनापरवाना बाळगलीत तर २०१९च्या दुरुस्तीनंतर सात ते चौदा वर्षांचा तुरुंगवास. परवाना हवा तर तो देणार केंद्रीय गृहखातं, आणि तोही जिवाला गंभीर धोका असल्याचं दाखवलंत तर. म्हणजे ज्याला कुणाला गोळी घालावी लागेल अशी भीती आहे त्याच्यासाठी दार किलकिलं आहे. ज्याला कागदाच्या निशाणावर नेम धरायचा आहे त्याच्यासाठी ते बंद आहे.

या नियमामागचा तर्क धोकादायक शस्त्र आणि बिनधोक शस्त्र असा नाही. तो 'सरकारचं काडतूस' आणि 'रयतेचं काडतूस' असा आहे, आणि तो आपला नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी मागची बंदूक द्यायचं धोरण ठेवलं. १८७८च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना त्यातून मोकळं ठेवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ४५० बोअरच्या खाजगी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण सैन्यातल्या जुन्या मार्टिनी-हेन्रीची काडतुसं बंडखोरांच्या कामी येतील ही धास्ती होती. शिकारी साहेबांची अडचण झाली, म्हणून विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी ४७० सारखे नवे बोअर काढले. पोलिसांवर आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांवरही विश्वास नव्हता. त्यांच्यासाठी ईशापूरच्या कारखान्यात याच ली-एनफिल्डचं ४१० बोअरच्या मस्केटमध्ये रूपांतर झालं. एका वेळी एकच काडतूस, आणि तेही लष्करी नव्हे.

तेव्हा काडतुसाच्या मापावरून माणसाची पारख करायची ही पद्धत परक्या राज्यकर्त्याच्या भयातून आली. ते राज्य गेलं. आपल्या सैन्यानंही ३०३ कधीच मागे टाकली. पण नियम जागेवर आहे, कारण तो काढावा असं कुणाच्या मनातच आलं नाही.

या नियमाचा मूर्खपणा बघायचा असेल तर शेजारचं उदाहरण घ्या. आपल्याच सरकारी कारखान्यांनी ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल नागरिकांसाठी बनवली आणि विकली. तिची यंत्रणा ली-एनफिल्डच्याच घराण्यातली. गोळी ३०३पेक्षा थोडी जाडच. फरक एवढाच की लष्करी काडतूस तिच्यात बसत नाही. ती चालते, मूळ रायफल चालत नाही.

आणि गुन्हेगारीचं काय? उत्तरेतल्या गुन्ह्यांच्या बातम्या वाचणाऱ्याला 'देशी कट्टा, ३१५ बोअर' हे शब्द पाठ असतील. गल्लीबोळात गुन्हेगार वापरतो ते हातभर लांबीचं, कुठल्यातरी भट्टीवर पाइपातून बनवलेलं हत्यार. त्याला काडतूस लागतं ते बहुतेक वेळा परवानगी असलेल्या बोअरचं. सव्वा हात लांबीच्या नळीची, चार किलो वजनाची, प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट ओढावा लागणारी रायफल शर्टाखाली लपवून कुणी दरोडा घालायला जात नाही. नक्षलवाद्यांकडे थ्री-नॉट-थ्री सापडतात, हे खरं. पण त्या त्यांनी पोलिसांकडून लुटल्या, रायफल क्लबाकडून नव्हे.

इथे कुणीतरी म्हणणारच की आता भारताची अमेरिका करायची आहे का? नाही. अमेरिकेत बंदूक ही जवळजवळ किराणा मालासारखी झाली आहे आणि त्याची किंमत तिथली शाळकरी पोरं मोजतात. मला तो नमुना नको. पण जगात फक्त अमेरिका आणि भारत एवढे दोनच देश आहेत अशा थाटात हा वाद घालायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात १९९६ साली पोर्ट आर्थरचं हत्याकांड झालं, आणि त्या देशानं सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर कडक बंदी आणून लाखो बंदुका परत घेतल्या. तरी बोल्ट ओढायची जुनी ली-एनफिल्ड तिथे परवान्यावर ठेवता येते. लिथगो गावच्या कारखान्यात या रायफली बनत. तिथे आज संग्रहालय आहे. ब्रिटननं डनब्लेनच्या शाळेतल्या गोळीबारानंतर १९९७मध्ये पिस्तुलं जवळपास संपवली. पण बिझलीच्या रेंजवर सर्टिफिकेट असलेला ब्रिटिश माणूस आजही थ्री-नॉट-थ्री चालवतो. आमच्यावर बोअरची बंदी लादणाऱ्यांनी स्वतःच्या नागरिकाशी वेगळा व्यवहार ठेवला, आणि आम्ही त्यांचा आमच्यासाठीचा नियम जपून ठेवला!

याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. १९६२च्या नामुष्कीनंतर ईशापूरनं या रायफलीत सुधारित पोलाद वापरलं, ७.६२ मिमीचं काडतूस बसवलं आणि '२ए' व '२ए१' ही मॉडेलं काढली. सैन्यासाठी बनलेल्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफलींच्या लांबलचक वंशावळीतलं हे जवळपास शेवटचं पान, आणि ते स्वतंत्र भारतातल्या कामगारांनी लिहिलं. सैन्यातून निघाल्यावर त्यातल्या पुष्कळ रायफली अमेरिकेच्या सरप्लस बाजारात गेल्या. तिथले हौशी लोक त्यांचं लाकूड तेलानं पुसतात, नळीवरची अक्षरं भिंगातून वाचतात, लाकडी दस्त्याला तडा जाऊ नये म्हणून ईशापूरनं आडवा घातलेला जादा स्क्रू ओळखतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'के. एफ.' ही काडतुसाच्या बुडावरची खूणही त्यांना ठाऊक आहे. पुण्यात खडकी स्टेशनवर रोज उतरणाऱ्या किती जणांना ती ठाऊक असेल? ज्यानं ती रायफल बनवली त्याच्या नातवाला ती हातात घ्यायची झाली तर परदेशी जावं लागेल. याला आपण सुरक्षा म्हणतो.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ही जालियनवाला बागेतली रायफल. १३ एप्रिल १९१९ला डायरच्या शिपायांनी याच बोअरच्या १,६५० गोळ्या झाडल्या. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात याच काडतुसाची फुटणारी गोळी तयार झाली, जी पुढे १८९९च्या हेग परिषदेत निषिद्ध ठरली. अशी वस्तू कौतुकानं जपायची?

कौतुकानं नकोच. पण वितळवून काय साधतं? हीच ली-एनफिल्ड खांद्यावर घेऊन पूना डिव्हिजनमधले मराठे मेसोपोटेमियात गेले आणि कूतच्या वेढ्यात उपासमारीनं खंगले. हीच घेऊन १९४१मध्ये मराठा पलटण केरेनचे डोंगर चढली. हीच घेऊन १९६२ला जवान स्वयंचलित शस्त्रांसमोर उभे राहिले. आणि २६ नोव्हेंबर २००८ला सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हाती हीच होती. मारणाऱ्याच्या हातातही ती होती आणि ज्यांना अपुऱ्या हत्यारानिशी पुढे ढकललं गेलं त्यांच्याही. दोन्ही गोष्टी एकाच लाकडात आहेत. त्यातली एक पुसायची म्हटली की दुसरीही पुसली जाते.

मग काचेत ठेवा, चालवायची कशाला? कारण काचेतली रायफल फारसं काही सांगत नाही. पितळी बटप्लेट खांद्यात रुतते तेव्हा कळतं की पाच फूट तीन इंची शिपायाला दिवसात शंभर गोळ्या झाडायला लावणं म्हणजे काय. काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की बोल्ट पुढे सरकत नाही. हे घाईत, अंधारात, समोरून गोळ्या येत असताना झालं तर काय, याचा अंदाज वाचून येत नाही. जुनी काडतुसं झाडल्यावर नळीत क्षार उरतात. उकळतं पाणी ओतून ते धुतले नाहीत तर दमट हवेत नळी लवकरच गंजते. थकलेला माणूससुद्धा झोपण्याआधी रायफल का धुवायचा, ते ती स्वतः धुतल्यावर समजतं. सतार काचेत ठेवून सतारीचं संगीत टिकत नाही, तसंच हेही.

शेवटी डॉ. आंबेडकरांचा दाखला दिला जाईल, आणि द्यायलाच हवा. काँग्रेसच्या १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगायचा हक्क होता. डिसेंबर १९४८ला घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची सूचना केली, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला. कुणीही बाजारात जाऊन हवं ते हत्यार विनाअडथळा घेऊ लागला तर राज्य चालवणं अशक्य होईल, असा त्यांचा मुद्दा होता. फाळणीच्या रक्तात न्हालेल्या देशात तो बरोबरच होता आणि आजही आहे. पण त्यांचा रोख विनाअडथळा खरेदीवर होता. मी अडथळेच मागतो आहे. हक्क नको, परवाना द्या. रायफल घरी नको. क्लबाच्या शस्त्रागारात ठेवा आणि बोल्ट वेगळ्या कुलपात. काडतुसं रेंजवरच मोजून द्या, रिकामी टरफलं मोजून परत घ्या. दर वर्षी तपासणी करा. घरात किंवा वागण्यात हिंसेची खूण दिसली तर परवाना काढून घ्या.

नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना १९५१ला झाली, तेव्हा तिच्या अध्यक्षस्थानी पहिल्या लोकसभेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते. त्यांच्या नावाची नेमबाजी स्पर्धा आजही होते. नागरिकाच्या हातात, शिस्तीत आणि देखरेखीखाली, बंदूक असू शकते यावर प्रजासत्ताकाच्या पहिल्या पिढीचा विश्वास होता. आपण त्या विश्वासातून ऑलिंपिकची पदकं कमावली. पदकाच्या रायफलीसाठी सरकार नियम शिथिल करतं. मग इतिहासाच्या रायफलीसाठी एक ओळ बदलायला काय हरकत आहे? परिशिष्टातल्या त्या नोंदीला एक अपवाद जोडला की पुरे: पन्नास वर्षांहून जुनी, हातानं बोल्ट ओढायची, क्लबात ठेवलेली रायफल.

तो अपवाद येईपर्यंत भट्ट्या चालूच राहतील, आणि भट्टीत गेलेल्या रायफलीसाठी नंतर कितीही चांगला नियम केला तरी ती परत येणार नाही.