‘हे मासे भांडत नाहीत ना?’ एवढंच विचारू नका. घरच्या फिश टँकसाठी मासे निवडताना आधी काय बघावं?

नव्या फ्लॅटचा हॉल सजला की टीव्हीशेजारी फिश टँक येतो. मोहोपाडा-रसायनी पट्ट्यातही हे चित्र आता नवं राहिलेलं नाही. दुकानात ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हे मासे एकमेकांशी भांडत नाहीत ना?’ दुकानदार ‘नाही’ म्हणतो आणि पिशवी बांधली जाते. आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा मरून वर तरंगू लागतो. घरातलं पोर विचारतं, ‘का मेला?’

बहुतेक वेळा कारण भांडण नसतंच. तो मासा त्या पाण्यात, त्या उन्हाळ्यात आणि तेवढ्या जागेत टिकणारा नव्हता. म्हणून माझं मत असं, की आधी पाणी बघा, मग जागा आणि शेवटी स्वभाव. आपण नेमका उलटा क्रम लावतो.

तुमच्याकडे पाणी कोणतं येतं?

नळाचं, बोअरचं की टँकरचं? मासे निवडण्याआधी याचं उत्तर हवं. नदी-धरणाचं पाणी आपल्याकडे सहसा मऊ असतं, बोअरचं बऱ्याचदा जड. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. साबणाला फेस कमी येत असेल, बादलीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरत असेल, तर पाणी जड आहे.

गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणी मानवतं. निऑन टेट्रा, रासबोरा, डिस्कस हे मऊ पाण्याचे मासे. मॉली आणि निऑन एका टाकीत भांडणार नाहीत, पण दोघांपैकी एकाला रोज नकोशा पाण्यात राहावं लागेल. ‘शांत मासे आहेत, एकत्र चालतील’ हा सल्ला इथेच फसतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्यासाठी अँटीक्लोरीनचे थेंब टाका. नवी टाकी भरल्या दिवशीच मासे सोडू नका. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. पाण्याचा पीएच आणि तापमान जास्त असेल, तर तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो.

मे महिन्याचं काय?

कर्जत-खालापूरला समुद्राचा वारा पोचत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि बंद घरातल्या टाकीचं पाणीही कोमट होतं. गोल्डफिश हा मुळात थंड पाण्यातला मासा. त्याला १८ ते २२ अंश बरे वाटतात, डिस्कसला २८ ते ३०. हे दोघे एकत्र राहूच शकत नाहीत आणि आपल्या मे महिन्यात गोल्डफिश एकटा असला तरी त्याचे हाल होतात.

कारण साधं आहे. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. त्यात वीज गेली की हवेचा पंप आणि फिल्टर दोन्ही बंद. गुरामी आणि फायटर पाण्याच्या वर येऊन थेट हवा घेऊ शकतात, त्यामुळे अशा वेळी ते तग धरतात. आपल्या भागासाठी मासे निवडताना हा गुण रंगाइतकाच महत्त्वाचा मानायला हवा.

दोन फुटी टाकीत किती मावतात?

२ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची रिकामी जागा वजा केली तर हाती ४५ लिटरच्या आसपास उरतं. दुकानातला मासा मात्र पिल्लू असतो. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर दीड फुटापर्यंत वाढतो. ऑस्कर फूटभर होतो. ‘शार्क’ म्हणून विकलं जाणारं चंदेरी पिल्लू म्हणजे पंगस. मासळी बाजारात ‘बासा’ नावाने बहुधा हाच येतो आणि तो मीटरभरही होऊ शकतो.

इथेच वास्तूचा मुद्दा येतो. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवावेत, असं अनेक घरांत मानतात. श्रद्धा ज्याची त्याची. पण नऊ गोल्डफिश, प्रत्येक वाढून अर्धा फूट, आणि टाकी दोन फुटी, हे गणित जमत नाही. घरात भरभराट यावी म्हणून आणलेले जीव घुसमटून मरणार असतील, तर त्यात शुभ काय? नऊचा आकडा पाळायचाच असेल, तर छोट्या जातीचे नऊ मासे घ्या.

आणि स्वभाव?

आता भांडणाकडे येऊ. दोन नर फायटर एकत्र ठेवले तर एक जखमी होणारच. गप्पीची झुपकेदार शेपटी पाहून फायटर तिच्यावरही धावून जातो. टायगर बार्ब दोन-तीनच ठेवले तर इतरांचे पर कुरतडतो; आठ-दहांच्या थव्यात तो आपसातल्या पळापळीत रमतो. एंजल लहानपणी निऑनसोबत गोड दिसतो, मोठा झाला की निऑन हे त्याचं खाद्य. फ्लॉवरहॉर्न तर एकटाच ठेवायचा मासा आहे. थोडक्यात, तोंडात मावेल तो मासा सोबती नसतो.

मग घ्यायचे कोणते?

पाणी जड असेल, तर सात-आठ नर गप्पी पुरेत. माद्या घेतल्या तर महिन्याभरात पिल्लं होतात आणि टाकी भरून जाते. पाणी मऊ असेल, तर आठ हार्लेक्विन रासबोरा आणि हनी गुरामीची एक जोडी. सगळे एकाच दिवशी सोडू नका. आठवड्याच्या अंतराने थोडे थोडे वाढवा.

नको झालेला मासा पाताळगंगेत?

सकर टाकीत मावेना, की ‘मारण्यापेक्षा नदीत सोडू, जीव तरी वाचेल’ असं वाटतं. भावना चांगली, परिणाम वाईट. पाताळगंगेला खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटणारं पाणी मिळतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. म्हणजे परका मासा इथे बारा महिने टिकू शकतो. उजनी जलाशयात सकर मासा पसरल्याने मच्छीमारांची काय अवस्था झाली, हे राज्याने पाहिलं आहे. काटेरी, खडबडीत अंगाने जाळी फाटतात आणि सापडलेल्या माशाला गिऱ्हाईक नसतं. हे मासे मूळचे दक्षिण अमेरिकेतले, इथे आले ते फिश टँकच्या व्यापारातून.

‘आरोग्य खातं गप्पी सोडतंच की’, असा युक्तिवाद होईल. डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी सोडतात हे खरं, पण ते सरकारी मोहिमेचं काम आहे. त्याचा आधार घेऊन घरची टाकी ओढ्यात रिकामी करू नये.

जबाबदारी कुणाची?

केंद्र सरकारने २०१७ मध्ये शोभिवंत माशांच्या दुकानांसाठी खास नियम काढले होते, पुढे ते मागे घेतले गेले. माझ्या मते सरसकट बंदीपेक्षा एका साध्या सक्तीची गरज आहे. दुकानातल्या प्रत्येक टाकीवर तीन ओळींची पाटी हवी: मासा केवढा होतो, पाणी कसं लागतं, किमान किती सोबती लागतात. औषधाच्या पाकिटावर माहिती छापतात, मग जिवंत प्राणी विकताना का नको?

ती पाटी येईपर्यंत हे तीन प्रश्न तुम्हीच विचारा. आणि पैसे देण्याआधी चौथाही विचारा: ‘मोठा झाला तर परत घ्याल का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर तो मासा घेऊ नका.