‘दिवसभर राबतेसच की, मग व्यायाम कशाला?’



आमच्या पाचगणीला लोक हवा खायला येतात. क्षयरोग्यांसाठी १९१२ साली इथं ‘बेल-एअर’ उभं राहिलं, तेही इथल्या हवेच्या भरवशावर. आजही सुट्टीवर आलेले पाहुणे सकाळी टेबल लँडवर फिरायला जातात. पण त्यांच्या चादरी बदलणाऱ्या, वसतिगृहांत पोळ्यांच्या चळती लाटणाऱ्या, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत दिवसभर वाकणाऱ्या आम्ही बाया तिथं कधी ‘नुसतं चालायला’ गेलेल्या मला आठवत नाही. गेलोच तर काही विकायला.

मी स्वतः वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली. आता वय ६१. गेल्या वर्षी महिला मंडळाच्या बैठकीत सतरंजीवर बसले होते. उठायची वेळ आली तेव्हा शेजारणीच्या खांद्याचा आधार घेतल्याशिवाय उठताच येईना. सगळ्या हसल्या, मीही हसले. रात्री मात्र हसू आलं नाही. उद्या न्हाणीघरात पडले तर कोण उठवणार?

आमच्यातल्या एका नर्सबाईंनी पुढच्या बैठकीत एक साधी चाचणी घेतली. दीड फूट उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची. हात छातीवर घडी करून बसायचं आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमलं, तर पायांतली ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात. मला ९ जमलं. माझ्याहून धाकट्या कितीजणी माझ्याच रांगेत होत्या! ‘अगं, आपण तर दिवसभर राबतो!’ असं जी ती म्हणत होती.

इथंच आपली फसगत होते. ‘बाईला घरकामातच व्यायाम होतो’ हे वाक्य आपण सासरी-माहेरी, दवाखान्यात, सगळीकडे ऐकलेलं आहे. त्यात थोडं तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनाही घरकामातली हालचाल हिशेबात धरते. मोठ्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं ती सांगते. पण त्याबरोबरच आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायामही सांगते. ताकद वाढते ती भार थोडा थोडा वाढवला, मधे विश्रांती घेतली आणि पोटात पुरेसं अन्न गेलं तर. आपल्या कामात यातलं काय असतं? तेच वाकणं, तोच खांदा, तेच गुडघे, आणि जेवण सगळ्यांच्या मागून. अशा कामानं शरीर झिजतं, घडत नाही.

मग वेगळा वेळ का काढत नाही? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बायका घरच्या बिनपगारी कामाला दिवसाला २८९ मिनिटं देतात असं दिसलं, पुरुष ८८. आपली दहा मिनिटं या फरकातच अडकली आहेत. मी सकाळी दार लावून घ्यायला लागले तेव्हा घरातला पहिला प्रश्न होता, ‘चहा कोण करणार?’ आठवडाभर धुसफूस झाली. मग यजमानांनी केला. आधी पाणचट व्हायचा, आता जमतो.

बाईच्या शरीराला झेपणार नाही, हे ठरवणारे जगभर होते. १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. त्या कोसळल्या अशी हाकाटी झाली आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. बायकांची मॅरेथॉन १९८४ मध्ये आली, अडथळ्यांची ३,००० मीटर शर्यत थेट २००८ मध्ये. त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत २०१६ साली रिओला आपल्या सातारा जिल्ह्यातली, माण तालुक्यातली ललिता बाबर धावली आणि दहावी आली. आणि व्यायाम हे शहरी खूळ म्हणणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातलं औंध आठवावं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले होते. त्याला लागते ती फक्त एका सतरंजीएवढी जागा.

खुर्चीखेरीज आणखी दोन गोष्टी घरीच पाहता येतात. सकाळी शांत बसून ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा. साधारण ६० ते १०० मध्ये असावी. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून दहा सेकंद तोल राहतो का पाहा. नंतर भरभर चाला. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत दम लागला की वेग बरोबर. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांच्या छातीत किती दम असेल, हे मला तेव्हा उमगलं. ताकदीसाठी खुर्चीतून उठबस आणि भिंतीवर हात टेकून दंड, एक दिवसाआड, पाच-पाचपासून वाढवत न्यायचं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पावसात बाहेर पडणं होत नाही, तेव्हा हे घरातलंच कामी येतं.

दोन गोष्टी मात्र बजावून सांगते. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. गरोदर किंवा रक्तदाब असलेल्या मैत्रिणींनी आधीच विचारावं. आणि लवकर दम लागणारीला ‘आळशी’ म्हणू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. तिला आधी रक्ताची तपासणी हवी, पोटभर जेवण हवं, उठाबशा नंतर.

आमच्या मंडळात वजनकाटा आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. लग्नाच्या बाजारात आपली कंबर पुष्कळांनी मापली. आपल्याला पायांत ताकद किती आहे हे मोजायचं आहे, तेही स्वतःसाठी. पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेआधी एक खुर्ची मधे ठेवून बघा.

माझा आकडा मी कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. चार महिन्यांत ९ चे १३ झाले. परवा सतरंजीवरून उठले, तेव्हा शेजारीण सवयीनं खांदा पुढे करून बसली होती.