प्रवासाची शिदोरी : व्हेनिसला एक रात्र तरी

दिवाळीच्या फराळात एखादा परमुलखातला पदार्थ जसा हक्काने येऊन बसतो, तसे या सदरानेही आज साता समुद्रांपलीकडे जायला हरकत नाही. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता युरोपच्या सहलीची बोलणी चालू असतात. मुले मिळवती झालेली असतात आणि आजी-आजोबांनाही बरोबर नेण्याची हौस असते. कार्यक्रमपत्रिका हाती आली की त्यात एक नाव हमखास दिसते : व्हेनिस. त्याच्या वाट्याला मात्र तीन-चार तासच आलेले असतात. बोटीतून उतरायचे, सान मार्कोच्या चौकात छायाचित्र काढायचे, काचेचा कारखाना पाहायचा आणि परत बस गाठायची!

अशा भेटीत दिसते ती गर्दी. व्हेनिस दिसत नाही. म्हणून आजच्या सगळ्या सूचनांचे सार आधीच सांगून टाकतो. व्हेनिसला जायचे तर निदान एक रात्र मुक्काम करा. ते जमत नसेल, तर तोच वेळ दुसऱ्या एखाद्या गावाला द्या.

प्रथम गावाची रचना ध्यानात घेऊ. खारकच्छातल्या शंभराहून अधिक लहान बेटांवर हे गाव वसले आहे आणि चारशेहून अधिक पुलांनी ती बेटे जोडली आहेत. आगगाडी सांता लुचिया स्थानकापर्यंत येते, मोटारी आणि बसगाड्या पियात्साले रोमा या चौकापर्यंत येतात. तेथून पुढे चाक संपले! मग उरतात पाय आणि होड्या. जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. घरून निघताना चाकांची भली थोरली बॅग कितीही सोयीची वाटली, तरी तिसऱ्या पुलावर ती वैरीण होते. एका रात्रीपुरते कपडे आणि औषधे लहान पिशवीत घ्या. मोठे सामान स्थानकावर ठेवण्याची सोय आहे.

राहण्याची जागा ठरवताना घर क्रमांकावर विसंबू नका. गावाचे सहा विभाग आहेत आणि क्रमांक गल्लीचा नसून सबंध विभागाचा असतो, त्यामुळे तो हजारांच्या घरात जातो. यजमानाकडून गल्लीचे नाव, जवळचा पूल आणि जवळचा होडीचा धक्का एवढे तिन्ही लिहून घ्या. ‘काल्ले’ म्हणजे गल्ली, ‘काम्पो’ म्हणजे चौक, ‘फोंदामेन्ता’ म्हणजे कालव्याकाठची वाट आणि ‘रिओ तेरा’ म्हणजे बुजवलेला कालवा. हे चार शब्द कळले की निम्मा नकाशा कळला. वाट चुकलीच तर भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या रिआल्तो पूल, सान मार्को किंवा रेल्वे स्थानकाकडे आणून सोडतात.

गावातली हॉटेले खिशाला जड वाटली, तर जमिनीवरच्या मेस्त्रेत स्वस्त जागा मिळते. तेथून आगगाडीने दहा-बारा मिनिटांत गावात येता येते. पायऱ्या चढणे ज्यांना अगदीच अशक्य आहे, त्यांच्यासाठी लिदो हे बेट पाहा. तेथे सपाट रस्ते आहेत आणि बसही धावतात.

आता होडीचा हिशेब. वापोरेत्तो म्हणजे तेथली जलबस. बैठ्या तिकिटाला पंचाहत्तर मिनिटांसाठी ९.५० युरो पडतात आणि चोवीस तासांचा पास २५ युरोंना मिळतो. दिवसातून तीनदा बसणार असाल तर पासच परवडतो. चढण्यापूर्वी धक्क्यावरच्या यंत्राला तिकीट लावायला विसरू नका, नाही तर दंड होतो. एक नंबरची बोट ग्रँड कॅनालमधून सावकाश, जवळजवळ प्रत्येक धक्क्यावर थांबत जाते. संध्याकाळी दिवे लागल्यावर स्थानकावरून तिच्यात बसा. सान मार्कोपर्यंतच्या पाऊण तासात दोन्ही काठांचे वाडे पाहून होतात, आणि आजोबांचे गुडघेही कुरकुरत नाहीत.

गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि रात्री ११० युरो आहे. हा दर सबंध होडीचा असतो, माणशी नव्हे, आणि एका होडीत पाच जण बसतात. बसण्यापूर्वीच पैसे आणि वेळ स्पष्ट बोलून घ्या. एवढा खर्च नको असेल, तर ‘त्रागेत्तो’ नावाच्या साध्या गोंडोलातून दोन युरोंत ग्रँड कॅनालच्या पलीकडे जाता येते. मुलांची हौस तेवढ्यानेही भागते.

शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. टोमॅटोचा पास्ता आणि मार्गारीता पिझ्झा कोठेही मिळतो. भाताच्या रिझोत्तोत मात्र पुष्कळदा मांसाचे किंवा मासळीचे पाणी असते, तेव्हा विचारल्याशिवाय मागवू नका. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. ज्यांना चालत नसेल त्यांनी ते वरून घालू नका म्हणून सांगावे. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात की महाग. आणि सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद वाजत असेल, तर बिलात संगीताची रक्कमही येते. घरचे ठेपले, चिवडा जरूर न्या, पण त्या चौकाच्या पायऱ्यांवर डबा उघडू नका. तेथे बसून खाल्ले तर दंड होतो. सान पोलोच्या प्रशस्त चौकात झाडे आणि बाके आहेत, तेथे बसा. रस्त्यांवरच्या नळांचे पाणी पिण्याजोगे असते. बाटली भरून घ्यावी.

सान मार्कोच्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. आपल्या साडीला तेथे मानाने प्रवेश आहे. अर्ध्या चड्डीतल्या चिरंजीवांची मात्र पंचाईत होते. चर्चबाहेर आलात की पाण्याच्या दिशेने चालत जा. डोजेच्या राजवाड्यासमोर ग्रंथालय आहे, आणि त्याला लागून असलेली दगडी इमारत म्हणजे व्हेनिसची जुनी टांकसाळ. आपल्या आजीच्या पेटीतल्या पुतळ्यांच्या माळेचे माहेर ते हेच! १२८४ पासून व्हेनिसने सोन्याचा डुकाट पाडला. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोजे आणि मागच्या बाजूस ख्रिस्ताची उभी आकृती असे. व्यापाराबरोबर ही नाणी आपल्या किनाऱ्यावर आली आणि त्या आकृत्यांवरून आपल्याकडे तिला ‘पुतळी’ म्हणू लागले. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे ते गणराज्य संपले, पण आपल्या दागिन्यांतून पुतळी गेली नाही. नातीला हे त्याच जागी उभे राहून सांगा. तिला एवढे नक्की आठवेल.

काच घ्यायची तर मुरानो बेटावर. १२९१ मध्ये आगीच्या भीतीने काचभट्ट्या तेथे हलवल्या गेल्या. कोणी फुकट होडीतून कारखाना दाखवायला नेतो म्हणाला, तर ती होडी दुकानाच्या दारातच थांबते हे ध्यानात ठेवा. जलबसने आपले आपण जा. पुढे बुरानो बेटावर रंगीत घरे आणि सुईची लेस पाहता येते.

ऋतूचे म्हणाल, तर आपल्या दिवाळीच्या सुटीत तेथे गर्दी कमी असते, पण भरतीचे पाणी चढण्याचा हंगामही तोच. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत आणि १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७ पर्यंत चढले होते. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे वापरात आले, तेव्हापासून मोठी भरती बाहेरच अडते. तरी सखल चौकात थोडे पाणी येऊ शकते, म्हणून रबरी बूट नसले तरी पटकन वाळणारी पादत्राणे असू द्या. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडू लागतो, हेही हिशेबात धरा.

उन्हाळ्याच्या सुटीत जाणारांसाठी आणखी एक गोष्ट. २०२४ च्या एप्रिलपासून ठरावीक गर्दीच्या दिवशी, सकाळी साडेआठ ते चारपर्यंत, फक्त दिवसापुरते येणारांवर प्रवेश कर बसला. २०२५ मध्ये असे ५४ दिवस होते. आधी भरला तर ५ युरो, ऐनवेळी १० युरो. मुक्कामी पाहुण्यांना, मेस्त्रेत राहणारांनासुद्धा, तो माफ असतो. मात्र माफीची नोंद आधी करावी लागते. आपल्या तारखा निघण्यापूर्वी पाहून घ्या.

हा कर कशासाठी, ते रिआल्तोजवळच्या सान बार्तोलोमेओ चौकात कळते. तेथल्या एका औषधाच्या दुकानाच्या खिडकीत गावात राहणाऱ्या माणसांचा आकडा लावलेला असतो. १९५१ च्या सुमारास या बेटांवर पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. घरांची पाहुण्यांची निवासस्थाने झाली आणि वाण्याच्या दुकानांत मुखवटे लटकू लागले. दिवसभर हुंदडून संध्याकाळी निघून जाणारा पाहुणा गावाला केवळ कचरा आणि गर्दी देतो. मुक्काम करणारा भाजी बाजारातून फळे घेतो, कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेतो, आणि ती दुकाने टिकायला हातभार लावतो.

आणि त्याला मिळते काय? संध्याकाळी बसगाड्या परतल्या की गल्ल्या रिकाम्या होतात. मोटारींचा आवाज नसलेल्या गावात पावले आणि वल्ही तेवढी ऐकू येतात. पहाटे सहाला उठलात, तर सान मार्कोचा चौक झाडणाऱ्यांचा आणि तुमचा असतो. कार्यक्रमपत्रिकेत एक शहर कमी झाले तरी चालेल. ही रात्र तेवढी खोडू नका.

दीपावलीच्या शुभेच्छा, आणि प्रवास सुखाचा होवो!