बॅकअप म्हणजे काय रं भावा?

गेल्या सेमिस्टरला आमच्या मजल्यावर सुतक पडलं. माणूस नव्हे, लॅपटॉप गेला! सबमिशनला चार दिवस उरले होते. आम्ही सांत्वनाला गेलो, तर गडी निवांत. म्हणाला, "बॅकअप हाय की!" कुठं? तर ‘डी ड्राइव्ह’ला. म्हणजे त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर, नुसत्या दुसऱ्या पार्टिशनवर. रात्री अकराला त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

मित्रांनो, याच गड्यानं व्हायवाला एक्स्टर्नलसमोर बॅकअपची व्याख्या घडाघडा म्हटली होती. पण दोष एकट्या त्याचा नाही. आपल्याकडं बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर किती तास टिकतो ते, आणि ‘मेमरी फुल’ म्हणजे फोनमध्ये फोटो मावेनात ते. शब्द पाठ आहेत, पण ऐकल्यावर डोळ्यांसमोर काहीच येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे शब्द शिकवताना आपल्या गावातली उदाहरणं का घेऊ नयेत?

‘युजेबल कपॅसिटी’ घ्या. पावसाळ्यात पेपरात राधानगरीचे आकडे आपण वाचतोच. एकूण साठा साधारण ८.३६ टीएमसी, पण तळाचा मृत साठा वजा केल्यावर उरतो तोच उपयुक्त. चार डिस्कचा रेड-५ लावला की एका डिस्कएवढी जागा पॅरिटीला जाते, वापरायला तीनच. हिशेब तसलाच.

टेपवाल्यांची करामत त्याच्याही पुढची. २०२१ साली आलेल्या एलटीओ-९ टेपवर मोठ्या अक्षरात ४५ टीबी असतं, पण खरी जागा १८ टीबी. डेटा अडीचपट दाबला जाईल, असं त्यांनी धरलेलं असतं. पण व्हिडिओ आधीच दाबलेला असतो. चरकातून निघालेलं चिपाड पुन्हा चरकात घालून किती रस निघणार?

टेप म्हटलं की पोरं हसतात, "ती जुनी कॅसेट व्हय?" हो, फीतच ती. तिला डेटा सलग लागतो. कॉम्प्युटरनं तो रखडत दिला की फीत थांबते, मागं जाते, परत पुढं येते. याला म्हणतात ‘शू-शाइनिंग’. एस.टी. स्टँडवर पॉलिशवाल्याचं फडकं बुटावर कसं मागंपुढं फिरतं, ते बघितलेल्याला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

सगळ्यात घातक गोंधळ ‘मिररिंग’चा. आरसा तो आरसाच! इकडं टिकली पुसली की तिकडंही पुसली. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही लोकांच्या मेल गायब झाल्या. एका सॉफ्टवेअर अपडेटमधला बग. वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये प्रती होत्या, पण बगनं त्याही खाल्ल्या. शेवटी मेल परत आल्या त्या टेपवरून, कारण टेप ऑफलाइन होती. बग तिच्यापर्यंत पोचलाच नाही.

आणि ‘ऑफसाइट’? ऑगस्ट २०१९ आठवा. धोक्याची पातळी ४३ फूट असताना राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शाहूपुरीत पाणी शिरलं. एक प्रत दुकानात आणि दुसरी मागच्या गल्लीतल्या घरात, दोन्ही तळमजल्यावर, याला ऑफसाइट कसं म्हणायचं?

‘डेटा’ला ‘विदा’च म्हणा, असा हट्ट मी धरणार नाही. शब्द इंग्रजी राहू देत. सरांना मात्र हात जोडून विनंती आहे, व्हायवाला व्याख्या विचारू नका. पोराला म्हणा, "तुझ्या प्रोजेक्टची ही फाइल मी उडवली. आण बघू परत, पाच मिनिटांत."

त्या गड्याचं काय झालं म्हणता? तीन रूमचे पार्टनर मिळून तीन रात्री त्याचा रिपोर्ट टाइप करत होते. त्यात मीही होतो. चहाचे पैसे अजून यायचेत.