फोन आहे की! मग रेकॉर्डर कशाला?



परवा बांधावर उभा राहून हातातल्या डबीशी बोलत होतो. शेजारचा गडी रस्त्यावरून ओरडला, "अण्णा, कुणाशी भांडताय सकाळी सकाळी?" त्याला डबी दाखवली. काडेपेटीपेक्षा लांब, बोटभर जाड, दोन बारके सेल. आवाज भरून घेणारं यंत्र, त्यातच गाणी पण वाजतात. लगेच म्हणाला, "फोन आहे की! मग हे कशाला?"

हाच प्रश्न या पानावरच्या बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलाय. म्हणून आज पिकाचं थोडं बाजूला ठेवतो आणि याचंच लिहितो. माझं मत सरळ आहे. ज्याला शेतीची नोंद ठेवायचीय आणि माझ्यासारखा लिहायचा कंटाळा आहे, त्यानं आवाजाची वही ठेवावी. आणि ती वही फोनमध्ये ठेवू नये.

आधी वही कशाला ते सांगतो. चार वर्षांपूर्वी इंद्रायणी भाताचं रोप टाकलं होतं, चार गुंठ्यांत, एकराच्या लावणीसाठी. गवत मायंदाळ झालं. दुकानात गेलो, तणनाशक घेतलं, प्रमाण विचारलं. गर्दी होती, पाऊस पत्र्यावर वाजत होता. त्यानं आकडा सांगितला, मी तो पंपाला धरला. चौथ्या दिवशी रोप पिवळं, आठव्या दिवशी निम्मं बसलं. परत गेलो तर तो म्हणाला, मी एकराला सांगितलं होतं, पंपाला नाही. मी म्हणलं, पंपालाच म्हणाला होता. भांडण झालं. खरं कोण, ते मला आजही सांगता येणार नाही. डब्यावरची चिठ्ठी मी वाचली नव्हती, ही चूक माझीच. पण त्या दिवशी दोघांचं बोलणं कुठंतरी राहिलं असतं, तर निदान भांडण झालं नसतं. उरलेल्या खाचराला चार घरची शिल्लक रोपं मागून आणली. कुणाचं इंद्रायणी, कुणाचं दुसरंच. कापणीला एक ओंबी पिकलेली तर शेजारची हिरवी. एक पट्टा हिरवा, एक पिवळा, दिवाळीपर्यंत येणारे जाणारे बघून हसत होते.

तेव्हापासून फोनमध्ये आवाज भरायला लागलो. दोन वर्षं भरलं. साहेब बांधावर आले की भर, फवारणी झाली की भर. त्यातच एकदा आई अंगणात बसून जात्यावरचं काहीतरी गुणगुणत होती. ते पण भरलं. मग नादच लागला. तिच्या अकरा ओव्या झाल्या. माझ्या आजोळच्या, पाटलाच्या वाड्याच्या, भावाच्या. एक तर माझ्या नावाची, मी बारका असतानाची. मला माहीतच नव्हती.

लावणीत फोन चिखलात पडला. धुतला, तांदळात ठेवला, दुरुस्तीला नेला. दुरुस्तीवाल्यानं फोन चालू करून दिला पण आतलं सगळं साफ झालेलं. फोटो काही पोराकडं होते. आवाज कुणाकडंच नव्हते, कारण आवाज कोण कुणाला पाठवतो? म्हणलं जाऊदे, आई आहे, परत म्हणून घेऊ. तेवढ्यात पौषात तिला झटका आला. आता ऐकू येतं, समजतं सगळं, पण शब्द सुटा निघत नाही.

यात फोनची काही चूक नाही. फोन हे दहा कामांचं यंत्र आहे. ते पडतं, पोरं खेळतात, जागा भरली की कुणीतरी काहीतरी पुसून टाकतं, आणि साहेब बोलत असताना नेमका व्याह्यांचा फोन येतो. एका कामाचं यंत्र असलं की ते खुंटीला असतं आणि त्याला कुणी हात लावत नाही. विळा आपण भाजी चिरायला देतो का?

तर यंत्र घेतलं. देहूरोडहून लोकलनं शिवाजीनगर, तिथून बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. भाचा बरोबर होता. दुकानदारानं चार दाखवली. मी दोनच गोष्टी विचारल्या. सेल बदलता येतात का, आणि अंगठ्यानं न बघता चालू होतं का. आत बसवलेली बॅटरी दोन-चार वर्षांनी मेली की यंत्र भंगारात जातं. साधे सेल देहूरोडच्या बाजारात कुठंही मिळतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात करायची नाही.

आता लावून घ्यायचं कसं, ते जरा सविस्तर, कारण मी त्यात पंधरा दिवस वाया घालवलेत.

सगळ्यात आधी तारीख. गाणी टाकू नका, आवाज भरू नका, आधी तारीख आणि वेळ. हे यंत्र आवाजाच्या प्रत्येक तुकड्याला तारखेचंच नाव देतं. माझं कसं झालं, रात्री सेल वाचावेत म्हणून मी ते काढून ठेवायचो. सेल बाहेर राहिले की आतलं घड्याळ परत पहिल्या जानेवारीवर. सकाळी सेल घालून मी बोलायला सुरुवात करायचो. पंधरा दिवसांच्या नोंदी, सगळ्या एक जानेवारीच्या! करपा कधी दिसला, पाणी कधी सोडलं, काही पत्ता नाही. मग त्यावर उपाय केला. आता प्रत्येक नोंद सुरू करताना तोंडानं तारीख, वार आणि खाचराचं नाव बोलतो. "मंगळवार, वरचं खाचर, सकाळचे सात." यंत्र चुकलं तरी आवाज चुकत नाही. आणि तारीख लावताना एक बघा, काही यंत्रांत महिना आधी असतो आणि दिवस नंतर. आपल्याकडं उलटं.

दुसरं, आवाज आला की आपोआप चालू होण्याची सोय असते. दुकानदार ती फार कौतुकानं दाखवतो. ती बंद करा. एक तर आवाज ओळखून चालू होईस्तोवर पहिला शब्द गळतो. "नको फवारू" मधला "नको" गळला तर राहिलं काय? दुसरं म्हणजे आपल्याकडं मावळातला वारा. तो सुटला की यंत्र बंदच होत नाही.

वाऱ्याचं निघालंच आहे तर तेही सांगतो. मोकळ्या रानात माईकवर वारा बसला की नुसती घरघर ऐकू येते. माईकवर घालायची स्पंजची टोपी मिळते. मी जुन्या गादीतला तुकडा कापून रबरानं बांधलाय, काम भागतं. यंत्रात वाऱ्याची घरघर कापायची सोय असेल तर ती चालू ठेवा. आणि पाठ वाऱ्याकडं करून उभं राहा, सगळ्यात जास्त फरक त्यानं पडतो.

आवाजाचा दर्जा किती ठेवायचा? साध्या नोंदीला एमपी३, १२८ चा. मिनिटाला साधारण १ एमबी जागा खातो. म्हणजे ४ जीबीत सत्तरच्या आसपास तास बसतात. आपल्या एका हंगामाला पुरून उरतं. पण गाणं, ओवी, म्हाताऱ्या माणसाचा आवाज असेल तर वेव्ह. तो सीडीच्या दर्जाचा असतो आणि मिनिटाला १० एमबी खातो, तेवढ्याच जागेत सहाच तास. खाऊ द्या. फवारणीची नोंद पुढच्या वर्षी जुनी होते, आईचा आवाज होत नाही. कप्पे पाच होते. एक शेताचा, एक साहेबांचा, एक घरचा, एक भजनाचा. पाचवा मोकळा ठेवलाय.

बाजूला कुलपाची कळ असते, ती खिशात टाकताना लावायचीच. मी एकदा विसरलो. साडेपाच तास खिशाच्या कापडाचा आवाज भरला गेला, मध्ये मी बैलाला दिलेल्या शिव्या. नातवानं त्या सगळ्या घराला ऐकवल्या. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर यंत्राला तसं सांगावं लागतं, नाहीतर ते सेल किती उरलेत ते चुकीचं दाखवतं. आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल बाहेर काढा, पाझरले की स्प्रिंगा खातात. मग परत वापरताना आधी तारीख. म्हणलं ना, आधी तारीख.

दर रविवारी रात्री आठवड्याच्या नोंदी ऐकतो. आवाज हळू चालवायची सोय आहे, त्यानं वहीत उतरवायला सोपं जातं. दहा मिनिटांचं बोलणं चार ओळीत बसतं. त्या दिवशीच यंत्रातलं सगळं भाच्याच्या कॉम्प्युटरवर आणि एका पेन ड्राइव्हवर जातं. पेन ड्राइव्ह वेगळ्या घरात, बहिणीकडं. बियाणं आपण एकाच कणगीत ठेवत नाही, तसंच हे.

आता साहेब लोकांसाठी दोन शब्द, कारण हे पान तेही वाचतात. चोरून भरायचं नाही, हा माझा नियम. "साहेब, भरून घेऊ का?" असं विचारतो. पहिल्यांदा एक साहेब बिचकले. म्हणाले, उद्या माझ्यावरच दाखवाल. मी म्हणलं, तुमच्यावर नाही हो, माझ्यावरच दाखवीन. मग ते बोलले, पण कसं बोलले! आधी डबा मागितला, चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, पंप किती लिटरचा ते विचारलं, एकराला पाणी किती लागतं ते मला मोजायला लावलं. दहा मिनिटं लागली. एरवी तेच काम एका वाक्यात उरकतं. यंत्र समोर असलं की सांगणारा नीट सांगतो आणि ऐकणारा नीट विचारतो. म्हणून कुणी भरून घेऊ का विचारलं तर नाही म्हणू नका. फक्त प्रत्येक आकड्यामागं कशाला ते बोला. पंपाला, एकराला की लिटरला.

ऐकून शेती करायची ही काय नवीन गोष्ट नाही. १९५६ साली आपल्याच पुणे भागात युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं शेतकऱ्यांची ऐकणारी मंडळं केली होती, पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं. गावानं एकत्र बसून रेडिओ ऐकायचा, मग चर्चा करायची आणि शंका परत आकाशवाणीला कळवायच्या. कल्पना फार चांगली. पण रेडिओवरचं एकदा गेलं की गेलं. ते परत लावून ऐकायची सोय आता खिशात आली, तर आपण तिच्यावर फक्त गाणी लावतो.

गाण्यांना माझा विरोध नाही. रानडुकरांसाठी रात्री राखणीला बसतो तेव्हा भजनच सोबत असतं. फक्त एकाच कानात घालायचं. दुसरा कान सापासाठी, डुकरासाठी. आणि देहूरोडच्या मंडळींना सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांना सांगतो. इकडं लष्कराचा दारूगोळा डेपो आहे. त्या कुंपणाच्या बाजूला आवाजाचं, फोटोचं कुठलंच यंत्र काढू नका.

ओव्यांचं मात्र राहून राहून मनात येतं. आमच्या शेजारच्या मुळशी तालुक्यात आणि इकडं मावळात गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी वर्षानुवर्षं बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढं बाकी महाराष्ट्रातल्याही केल्या. एक लाखाच्या वर ओव्या आहेत त्या. २०१७ पासून पारीच्या वेबसाइटवर त्या येताहेत, फोनवर बघता येतात. पण बहुतेक ओव्या कागदावर उतरवलेल्या. आवाज भरलाय तो त्यातल्या काही हजारांचाच. बाकीच्यांचे शब्द आहेत, चाल त्या बायांबरोबर गेली. त्या काळी चांगलं यंत्र महाग होतं, त्यांनी केलं तेच डोंगराएवढं. आपल्याला आज स्वस्तात मिळतंय आणि आपण फोनमध्ये भरून चिखलात पाडतोय.

आईबरोबर एकाच जात्यावर बसलेली माझी चुलती आहे, शेलारवाडीच्या बाजूला राहते. ऐंशीच्या पुढं वय. मागच्या महिन्यात तिच्याकडं गेलो. आधी म्हणाली, "जातं नाही तर ओवी कशी येईल रे?" खरंच येईना. शेवटी माळ्यावरचं जातं काढलं, धुतलं, मूठभर तांदूळ घातले. खुंटा हातात आला आणि ती सुरू झाली. घरघरीचा आवाज जास्त, ओवीचा कमी, म्हणून यंत्र जात्यापासून लांब, तिच्या खांद्यामागं पाटावर ठेवलं. सात ओव्या मिळाल्या. वेव्हमध्ये, तारखेसकट.

घरी येऊन आईला ऐकवल्या. पाच झाल्या तोवर ती नुसती बघत होती. सहाव्या ओवीला तिनं बरा असलेला हात उचलला आणि नाही नाही केलं. परत लावली, परत त्याच जागी हात. काहीतरी चुकलंय, चुलतीनं एक ओळ वेगळी म्हटलीय. कुठली ती आईला माहीत आहे, पण सांगता येत नाही. चुलतीला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "तिचंच बरोबर असंल. मी आठवून ठेवते, तू ये." गुरुवारी जायचंय. सेल चार्जिंगला लावलेत.