शाल नको, तालमीची खोली द्या

नाटककार सतीश आळेकरांनी १९७२ साली पुणे विद्यापीठातून जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. १९७४ मध्ये त्यांचं ‘महानिर्वाण’ रंगभूमीवर आलं, आणि १९९६ साली ते त्याच विद्यापीठात ललित कला केंद्राचे प्रमुख म्हणून परतले. माजी विद्यार्थ्यानं यावं ते असं, काम घेऊन.

मी तीस वर्षं कॉलेजच्या मुलांची नाटकं बसवते. मागच्या पावसाळ्यात एका जुन्या विद्यार्थिनीनं अर्धवट प्रवेश मुलांपुढे वाचला. अडली तिथे थांबली. ‘मॅडम, पुढचं सुचतच नाहीये.’ मुलं तासभर तिच्याशी भांडली, चहा तसाच निवला. सत्कार समारंभात हे कधीच घडत नाही. म्हणून महाविद्यालयांना माझं कळकळीचं सांगणं: हारतुरे थांबवा. सतरंजी, दिवा आणि रात्री उशिरापर्यंत खोलीची किल्ली, एवढं माजी विद्यार्थ्यांना द्या.